एक पिक्सेल उसवलेला

सोलापूरच्या चाटी गल्लीत दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा अण्णा गादीवरून उठतात आणि दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या चादरी-टॉवेलांच्या साइटचं काम मी नुकतंच हातात घेतलं होतं आणि कुठवर आलंय ते दाखवायला गेले होते. बाहेर उन्हानं रस्ता पांढराफटक पडलेला, आत नव्या सुताचा तो कोरडा, किंचित खळीचा वास. अण्णांनी मोबाईल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, चष्मा कपाळावर सरकवला. फोटो, किमती, रंग सगळं सोडून त्यांनी बोट ठेवलं ते एका बारक्या मथळ्यावर. ‘डबलबेड चादरी’, एवढीच अक्षरं. “हे असं उसवल्यासारखं काय दिसायलंय ओ ताई?” मी पाहिलं तर मला काही दिसेना. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर पानावर दुसरं काही दिसेना. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ पुढच्या अक्षराला भिडायच्या आधीच थांबत होती. ड, ब, ल, बे, ड. मधे केसाएवढी फट. ज्या माणसाची नजर सगळं आयुष्य सुताचा तुटका धागा शोधण्यात गेली त्याला ती पहिल्या झटक्यात सापडली, यात नवल नाही.

“बघते अण्णा,” म्हणून निघाले. नवी पेठेतून गाडी काढताना नजर आपोआप पाट्यांवर जायला लागली. हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या आता थोड्याच उरल्यात, बाकीच्या फ्लेक्सनं खाल्ल्या. पण जिथं आहेत तिथं ती वरची रेघ पेंटरनं एका दमात ओढलेली असते. मधे ब्रश उचलला की जोड दिसतो, म्हणून तो श्वास रोखून धरत असणार. फ्लेक्सवरची अक्षरं ताणलेली असतात, चेपलेली असतात, पिवळ्यावर लाल असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांत कुणाच्या तरी गॉगलखाली गेलेली असतात. पण त्यांच्यातही रेघ तुटलेली मला दिसली नाही. ती तुटली होती फक्त माझ्याकडच्या पानावर, आणि ती तोडायचं कुणीच ठरवलेलं नव्हतं.

मग झालं कसं?

घरी येऊन ब्राउझरमधला इन्स्पेक्टर उघडला. हे काम करणाऱ्यांना उजवीकडची ती पट्टी पाठ असते. पानावरच्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवलं की त्याला लागू झालेले सगळे नियम एकाखाली एक मांडलेले दिसतात, वरती जिंकलेले, खाली हरलेले, आणि हरलेल्यांवर मधून आडवी रेघ मारलेली. लोक वरच्या ओळी वाचतात, मला खोडलेल्या वाचायला आवडतात. कुणीतरी निळा दिला होता, तो कुणीतरी गडद केला, त्यावर तिसऱ्यानं पुन्हा पहिलाच निळा आणला. कुणाची सुट्टी संपली, कुणाचा साहेब बदलला, सगळं तिथं वाचता येतं. आणि अगदी तळाशी ब्राउझरचे स्वतःचे नियम असतात, जे आपण कधीच लिहिलेले नसतात. पानाला चारी बाजूंनी आठ पिक्सेल समास, मोठं शीर्षक दुप्पट आकाराचं, दुवे निळे आणि अधोरेखित. २००७ साली एरिक मायर यांनी हे सगळं आधी पुसून टाकणारी ‘रिसेट’ शैली प्रसिद्ध केली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रत्येक नवं काम आधी भिंत खरवडूनच सुरू व्हायचं. मीही तशीच शिकले. काही लिहायच्या आधी सगळं शून्यावर आणायचं. तेव्हा त्यात फार शूर वाटायचं.

अण्णांच्या मथळ्याच्या यादीत गुन्हेगार लगेच सापडला. साइट मटेरियल यूआय या तयार बटणं-मथळ्यांच्या लायब्ररीवर बांधलेली होती, आणि बारक्या मथळ्यांना त्यातला ‘ओव्हरलाइन’ हा प्रकार लावलेला होता. त्याचा आकार १२ पिक्सेल आणि अक्षरांमधलं जादा अंतर आकाराच्या ०.०८३३३ पट. गुणाकार केला की जवळजवळ एक पिक्सेल येतो. इंग्रजीत बारीक आकाराची सगळी कॅपिटल अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की गर्दी होते, म्हणून त्यांना जरा मोकळं करतात. छापखान्यातली जुनी, शहाणी रीत आहे. ओव्हरलाइनच्या नियमांत ‘सगळी अक्षरं कॅपिटल करा’ हेही असतं. मराठीत कॅपिटल नाही, त्यामुळे तो नियम येऊन नुसताच बसून राहिला. त्याच्या जोडीनं आलेला अंतराचा नियम मात्र प्रत्येक अक्षरानंतर इमानदारीत एक पिक्सेल कापत गेला. काना-मात्रा आपल्या अक्षराला धरून राहिल्या, जोडाक्षरं शाबूत राहिली, शिरोरेषा तेवढी तुटली.

एका ओळीत मिटणारं काम होतं. अंतर शून्य करा, पुढे उद्गारचिन्ह देऊन ‘इम्पॉर्टंट’ लिहा, की तो नियम बाकीच्यांवर जिंकतो. ओळ टाइपही केली. पण ती ज्या फाइलीत जायची होती ती उघडली तर तिथं आधीच जत्रा भरलेली. प्रत्येक ओळीच्या शेपटीला ‘इम्पॉर्टंट’. माझ्या आधी हे काम ज्यानं कुणी केलं, त्यानं लायब्ररीशी प्रत्येक गोष्टीवर भांडण केलेलं होतं आणि प्रत्येक भांडण आवाज चढवून जिंकलेलं होतं. त्याला नावं ठेवायची इच्छा होत नाही. संध्याकाळी सहाला ‘हे बटण आत्ताच्या आत्ता हिरवं करा’ म्हणून फोन येतो तेव्हा कुणीही तेच करतं.

पण ‘इम्पॉर्टंट’ या गोष्टीबद्दल मला नेहमी थोडं वाईट वाटतं. पानाचं रूप ठरवणारे हे नियम ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसचा पहिला प्रस्ताव हॉकन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला, तेव्हा ते सर्न या संशोधन संस्थेत होते. त्या मसुद्यात एक भाबडी, गोड कल्पना होती. पान लिहिणाऱ्यानं आपल्या प्रत्येक आग्रहापुढे टक्केवारी द्यायची. शीर्षक अमुक आकाराचं हवं, माझा आग्रह चाळीस टक्के. उरलेला वाचणाऱ्याचा. दोघांच्या मर्जीतून पान तयार व्हायचं. टक्केवारी पुढे टिकली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती ठरली तेव्हा ‘इम्पॉर्टंट’ आलं, आणि त्या आवृत्तीत लेखकानंही ते लावलं आणि वाचकानंही लावलं तर जिंकायचा लेखक. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटं केलं गेलं, कारण ज्याला मोठीच अक्षरं लागतात, ठरावीकच रंग दिसतात, त्याचा शब्द शेवटचा असायला हवा. म्हणजे ज्या खुणेवर अखेर अधू नजरेच्या वाचकाचा हक्क ठरला, तिचा रोजचा उपयोग आम्ही करतो लायब्ररीनं दिलेलं बटण हिरवं करायला.

माझं लहानपण पूर्व भागात गेलं, अशोक चौकाच्या मागच्या अंगाला. घरात मराठी, दाराबाहेर तेलुगू, आणि दोन्हींच्या खाली यंत्रमागांची खडखड. वीज गेली की ती थांबायची आणि कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. शेजारच्या कारखान्यात आम्हा पोरांना सहसा आत घेत नसत, पण दारातून जकार्ड दिसायचं. मागाच्या डोक्यावर बसवलेलं, आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत असायची. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिच्याशी बांधलेला उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. एका पुठ्ठ्यामागे आडव्या धाग्याची एक फेरी. ल्याँच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास बसवलेल्या या युक्तीवरून संगणकाच्या इतिहासातलं पहिलं पान लिहितात, ते सगळ्यांना माहीत आहे. मला आठवतं ते वेगळं. मालक येऊन म्हणायचा, ह्याच नक्षीत मरून रंग काढा, आणि विणकर मान डोलावून धोट्यातली सुताची कांडी बदलायचा. काही वेळात मरून चादर. पण कुणी म्हणालं की मोर नको, कमळ पाहिजे, किंवा टोकाला विणलेलं नाव बदलून द्या, की सगळे गप्प व्हायचे. त्याला पुठ्ठे नव्यानं छेदायला लागतात. तो माणूस वेगळा, ती जागा वेगळी, तो खर्च वेगळा, आणि तोवर माग बंद.

कंपोनंट, म्हणजे लायब्ररीतले बटण-यादीसारखे तयार तुकडे, वापरताना मला ही दोन कामं सारखी वेगवेगळी आठवतात. रंग, जाडी, समास, गोलाई ही कांडीची कामं. चांगली लायब्ररी त्यासाठी व्हेरिएबल देते, ते बदललं की झालं. पण बटणाच्या आतली खूण उजवीकडून डावीकडे न्यायची, यादीच्या प्रत्येक ओळीत किमतीखाली आणखी एक ओळ घालायची, चौकटीभोवतीची चौकट काढून टाकायची, हे पुठ्ठे छेदण्याचं काम. ते मार्कअपमध्ये, म्हणजे पानाच्या सांगाड्यात आहे आणि मार्कअप दुसऱ्याच्या ताब्यात. त्यानं स्लॉट ठेवला असेल तर आपलं काही त्यात ठेवता येतं, नसेल तर बाहेर उभं राहून सीएसएसनं लपवाछपवी करायची. रिकामा डिव्ह, म्हणजे मार्कअपमधला एक डबा, अदृश्य करा, दुसरा उणे समासानं वर ओढा. मोराच्या पिसाऱ्यावर ब्रशनं कमळ रंगवल्यासारखं ते दिसतं, आणि पहिल्या धुण्यात जातं.

दुसऱ्यानं घातलेल्या मार्कअपची पहिली ठेच मला रेल्स या साइट बांधायच्या साधनात लागली. फॉर्म सुरेख ओळीत बसवलेला. कुणी मोबाईल नंबर चुकीचा टाकला की अख्खी ओळ विस्कटायची. बरोबर भरला की पुन्हा सुरेख. शोधल्यावर कळलं की चूक झालेल्या चौकटीभोवती आणि तिच्या लेबलाभोवती रेल्स स्वतःचा एक डिव्ह गुंडाळतं, ‘फील्ड विथ एरर्स’ नावाचा. हेतू चांगला, की तुम्ही त्याला लाल किनार वगैरे देऊ शकाल. पण मी न लिहिलेला तो डिव्ह फक्त चुकीच्या वेळीच यायचा आणि ओळ मांडणाऱ्या माझ्या फ्लेक्सबॉक्सची गणितं मोडून जायचा. गुंडाळायचं कसं, किंवा गुंडाळायचंच नाही, हे सांगायची सोयही रेल्सनं ठेवलेली आहे, सेटिंगमध्ये एक छोटी प्रोक, म्हणजे कोडचा तुकडा, लिहायची. सोय असते. ती आहे हे कळेपर्यंत माणूस चार भलतेच उपाय करून बसलेला असतो.

आणि मग नक्कल करण्याचा मार्ग. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीत एखादं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, बदलायचं तर ते उचलून आपल्या थीमच्या फोल्डरात ठेवायचं, मग मूळ सोडून तुमचं वापरलं जातं. इतकं सोपं की हात सुटतात. पुण्यात असताना आमच्याकडे असं एक दुकान आलं होतं. पैसे भरायच्या पानावरचं एक वाक्य बदलायला कुणीतरी पूर्ण पान उतरवून घेतलेलं. मधल्या काळात मूळ पान कुठल्या कुठं गेलं, हे मात्र त्या दिवशी होतं तसं, वाळवणात विसरलेल्या पापडासारखं. वूकॉमर्स बिचारं प्रामाणिकपणे यादी दाखवत होतं की तुमची अमुक अमुक टेम्प्लेट्स जुनी झालीत. यादी कुणी उघडत नव्हतं. तेव्हापासून मला एका वाक्यासाठी शंभर ओळी दत्तक घ्यायची भीती वाटते. माहितीच्या साइट बांधायचं साधन देणाऱ्या डॉक्युसॉरसवाल्यांनी यात बरा भेद केलाय. कंपोनंट पूर्ण उपसून आपल्याकडे घ्यायचा, की आहे तसा ठेवून त्याला बाहेरून गुंडाळायचं, हे ते आधी विचारतात, आणि कुठल्या कंपोनंटला हात लावणं धोक्याचं तेही सांगतात. मी जमेल तिथं गुंडाळते. आणि तरीही शॅडसीएनसारखी पद्धत बघितली, जिथं पहिल्या दिवशीच सगळा कोड तुमच्या फोल्डरात उतरवून देतात, की मनात येतं, हेच खरं. सांभाळायचंच आहे ना, मग निदान डोळ्यांसमोर तरी असू दे. माझं यावर एक मत नाही. आठवड्याच्या वारानुसार बदलतं.

दारं पूर्ण बंद करणारेही आहेत. शॅडो डॉममध्ये, म्हणजे कंपोनंटच्या बंद केलेल्या आतल्या भागात, बाहेरून क्लासवर (तुकड्याला दिलेल्या नावावर) लावलेले नियम शिरतच नाहीत. ज्याला आत हात घालू द्यायचा त्या तुकड्याला ‘पार्ट’ म्हणून नाव द्यायचं, बाकीच्यांना नाही. फॉन्ट, रंग, अक्षरांमधलं अंतर ही वारशानं उतरणारी मंडळी मात्र तिथंही आत जातात, आणि व्हेरिएबलंही. २०२२ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर, आले. लायब्ररीला खालच्या थरात बसवलं की आपला साधा एका क्लासचा नियमही तिच्या लांबलचक नियमावर चढतो, आवाज न चढवता. हे दहा वर्षं आधी यायला हवं होतं.

अण्णांच्या रेघेकडे मी दुसऱ्या दिवशी वळले ते या सगळ्या चिडचिडीनंतर. ‘इम्पॉर्टंट’ची ओळ पुसली आणि लायब्ररीची थीम जिथं तयार होते ती फाइल वाचायला घेतली. तिथं एक अट सापडली. फॉन्ट लायब्ररीचा नेहमीचा रोबोटो असेल तरच अक्षरांमधलं अंतर लावायचं, दुसरा कुठला असेल तर लावायचंच नाही. वर दोन ओळींचं टिपण, की हे अंतर रोबोटोसाठी ठरवलेलं आहे, तेच इतर फॉन्टना दिलं तर अक्षरांची बैठक बिघडू शकते. मी खुर्चीत मागे टेकले. आमच्या साइटवर फॉन्ट होता मुक्ता, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, देवनागरीसाठी देखणा. पण तो दिलेला होता बाहेरून, त्या जत्रेतल्या पहिल्याच ओळीत, ‘इम्पॉर्टंट’ लावून. लायब्ररीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी पान रोबोटोतच होतं आणि ती रोबोटोचं माप देत राहिली. बाहेरची ओळ काढली, थीममध्ये मुक्ताचं नाव दिलं. रेघ सांधली गेली. फक्त त्या मथळ्याची नाही, बटणांची, बारक्या टिपांची, सगळीकडची, जिथली फट अर्ध्या पिक्सेलहून कमी होती आणि अण्णांनाही दिसली नव्हती.

ते टिपण लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरोरेषा असेल असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर बहुधा दुसरा कुठला तरी रोमन फॉन्ट असेल, ए आणि व्ही जरा फाकलेले दिसले असतील. त्यानं आपलं माप दुसऱ्यावर लादायचं नाही एवढंच ठरवलं, आणि त्याचा लाभ सोलापुरात एका चादरीच्या मथळ्याला झाला. याचा मला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग थोडा रागही आला. आपली लिपी दर वेळी अपवादाच्या अटीतूनच आत यायची का? ड्रॉपडाउनच्या ओळींची उंची रोमन अक्षरांवर बेतलेली असते. तिथं ‘मोठ्ठे’मधली खालची जोडणी आणि वरची मात्रा दोन्ही कापल्या जातात आणि ते दुरुस्त करायला अशी कुठलीही अट मला सापडलेली नाही. तिथं मी भाषा मराठी असेल तर उंची वाढवा असा नियम स्वतःच लिहिला. चालतो. डीफॉल्ट तो नव्हे.

सध्या मी पलीकडच्या बाजूला आहे. घाऊक गिऱ्हाईक टॉवेल डझनानं मागवतं, त्यामुळे संख्या वाढवायचा-कमी करायचा एक कंपोनंट मीच लिहिला, आणि आता तो आमच्या आणखी कामांत वापरला जातो. लिहिताना कळलं की दार ठेवणं किती जिवावर येतं. जो क्लास मी बाहेर देईन तो माझा शब्द झाला, पुढे बदलता यायचा नाही. म्हणून मी जपून दिलं. रंगासाठी व्हेरिएबलं दिली. ‘डझन’च्या जागी ‘नग’ किंवा ‘जोडी’ लिहायला स्लॉट दिला. आतल्या दोन डिव्हना काही नाव दिलं नाही, कारण ते तिथं का आहेत हे माझं मलाच पुरतं पटलेलं नाही.

आमच्याकडे एक मुलगा आहे, इथल्याच कॉलेजातून नुकताच आलेला, हुशार आणि घाईचा. तो रोज म्हणतो, “मॅडम, एक क्लास द्या की ओ आतल्या डब्याला. फक्त एक.” मी नाही म्हणते. कशाला हवाय विचारते, तर किनार थोडी गोल करायचीय म्हणतो. त्यासाठी व्हेरिएबल आहे म्हटलं तर म्हणतो ते बाहेरच्याला लागतं, मला आतली पाहिजे. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावानं एक नियम सांगतात, की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कामाच्या प्रत्येक दिसणाऱ्या गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबून राहतंच, मग तुम्ही वचन काहीही दिलेलं असो. आमच्याकडे त्याला फार लोक लागले नाहीत. काल त्या मुलाचा कोड बघत होते तर त्यानं माझी परवानगी न मागता, आतला दुसरा डिव्ह नुसत्या क्रमांकावरून मोजून गाठलाय आणि किनार गोल केलीय. दिसतेय छान. माझ्यापेक्षा छान. पुढच्या आवृत्तीत मी तो डिव्ह काढणार होते, तसं ठरवूनही ठेवलं होतं. आता काढला तर त्याची किनार भलत्याच गोष्टीला लागेल, आणि ठेवला तर त्या डिव्हला एक नाव द्यावं लागेल. मी अजून काहीच केलेलं नाही. त्यानंही विषय काढलेला नाही, पण दोन दिवस झाले, क्लास मागायचा बंद झालाय.